त्वचा तेलकट, हवा कोरडी: नाशिकमध्ये चेहऱ्याची निगा कुठून सुरू करावी

मुंबईहून किंवा कोकणातून शिकायला, नोकरीला नाशिकला आलेल्यांची तक्रार बहुधा नोव्हेंबरात सुरू होते. गाल ओढल्यासारखे वाटतात, ओठ उलतात, नडगीवरून नख फिरवलं की पांढरी रेघ उमटते. साबण तोच, क्रीम तेच. बदललेली असते ती हवा. समुद्राकाठच्या दमट हवेत त्वचेतलं पाणी फारसं उडत नाही, इथल्या कोरड्या थंडीत ते भराभर उडतं. मग मार्च लागला की तोच चेहरा दुपारपर्यंत तुपकट होतो आणि जुलैत काखेत, जांघेत खाज सुटते.

त्यामुळे ‘माझ्या त्वचेला काय चालेल?’ हा प्रश्न अर्धाच आहे. ‘या महिन्यात काय चालेल?’ हा उरलेला अर्धा. दोन्हींची उत्तरं सापडेपर्यंत तीनच वस्तू पुरतात: धुवायला काहीतरी सौम्य, ओलावा धरून ठेवायला मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. सीरम, टोनर, शीट मास्क यांच्याकडे पहिले सहा आठवडे बघूही नका. एकदम पाच वस्तू सुरू केल्या आणि चेहऱ्यावर पुटकुळ्या उठल्या, तर दोष कोणत्या बाटलीचा हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

सुरुवातीला जवळ काय हवं

- सुगंध नसलेला सौम्य फेस वॉश किंवा क्लेन्झर
- मॉइश्चरायझर (जेल, लोशन की क्रीम, ते पायरी १ नंतर ठरवा)
- सनस्क्रीन, एसपीएफ (भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपासूनचं संरक्षण) ३० किंवा जास्त, पीए (यूव्हीए किरणांपासूनचं संरक्षण) +++ किंवा जास्त
- पांढरी पेट्रोलियम जेली, छोटी डबी
- फक्त चेहऱ्यासाठी वेगळा मऊ सुती पंचा, एक दिवसाआड धुतलेला
- साधा टिश्यू पेपर आणि पेन्सिल

घेताना खोक्यावर बॅच नंबर, उत्पादकाचा परवाना क्रमांक आणि वापराची मुदत छापलेली आहे ना, ते पाहा. उघड्या डबीच्या चित्रात ‘६’ किंवा ‘१२’ असा आकडा दिसला, तर तो उघडल्यानंतरचे महिने सांगतो. मार्करने झाकणावर उघडल्याची तारीख लिहून टाका.

पायरी १: त्वचेचा प्रकार तपासा, अंदाज करू नका

सुट्टीच्या दिवशी सकाळी सौम्य फेस वॉशने तोंड धुवा, पंच्याने टिपून घ्या आणि तासभर काहीही लावू नका. पंख्याखाली बसू नका, स्वयंपाकघरात गॅसपाशी उभे राहू नका. टिश्यू पेपरचे पाच तुकडे करून त्यांवर पेन्सिलीने क, न, उ, डा, ह असं लिहा: कपाळ, नाक, उजवा गाल, डावा गाल, हनुवटी. तास झाला की प्रत्येक तुकडा त्या त्या जागी १० सेकंद दाबून धरा आणि मग खिडकीच्या उजेडासमोर पाहा.

पाचही तुकड्यांवर पारदर्शक डाग आले, तर त्वचा तेलकट. फक्त क, न, ह यांच्यावर आले आणि गालाचे कोरडे राहिले, तर मिश्र. बऱ्याच जणांची अशीच निघते. एकावरही डाग नाही, शिवाय हसताना गाल ताणल्यासारखे वाटतात, नाकाच्या कडेला खवले दिसतात, तर कोरडी. डाग नाही आणि ताणही नाही, तर सामान्य. तुमचं निम्मं काम देवानेच करून ठेवलंय.

संवेदनशील त्वचा हा पाचवा प्रकार नव्हे. ती तेलकटही असू शकते आणि कोरडीही. नवीन काही लावलं की चुरचुरणं, लाल होणं, घाम आला की चेहऱ्याला टोचल्यासारखं वाटणं ही तिची खूण.

इथे दोन ठिकाणी फसायला होतं. वॅक्सिंग, ब्लीच किंवा फेशियल केल्यावर चार-पाच दिवसांत ही तपासणी केली तर उत्तर चुकतं. आणि साबणाने धुतल्यावर गाल ताणले म्हणजे आपली त्वचा कोरडी, असंही धरू नका. तो साबणाचा परिणाम असतो. अशा चेहऱ्यावर दोन तासांनी तेलही येतं आणि कडेला खवलेही दिसतात. माणूस मग आणखी कडक फेस वॉश आणतो आणि फेरा सुरू राहतो. ही तपासणी मे आणि डिसेंबर अशी वर्षातून दोनदा करा.

पायरी २: धुणं, आणि कुठे थांबायचं ते

चेहरा करकरीत लागला म्हणजे स्वच्छ झाला, ही समजूत भांड्यांच्या बाबतीत ठीक आहे. त्वचेचा पीएच ५ च्या आसपास असतो, म्हणजे किंचित आम्ल. नेहमीच्या अंगाच्या साबणाचा ९ ते १० भरतो. दिवसातून तीन-चारदा तो साबण लावला की मळाबरोबर त्वचेचं स्वतःचं तेलाचं अस्तरही निघून जातं.

हरभऱ्याच्या दाण्याएवढा फेस वॉश ओल्या तळहातावर फेसाळून घ्या, बोटांनी अर्धा मिनिट फिरवा, कोमट पाण्याने धुवा. तेलकट त्वचा असेल तर सकाळी आणि रात्री. कोरडी असेल तर फक्त रात्री. सकाळी नुसतं पाणी पुरतं. व्यायाम किंवा उन्हातून प्रवास झाला तर एक जादा वेळ चालेल. घासायचं नाही, टिपायचं.

गिझरच्या किंवा बंबाच्या कडक पाण्याची थंडीत फार सवय लागते. वाफ निघणारं पाणी डोक्यावरून घेतलं की तेच पाणी चेहऱ्यावरून जातं. चेहरा वेगळा, कोमट पाण्याने धुवा. अंगासाठीही १० मिनिटांच्या आत आंघोळ उरका.

तुमच्या सोसायटीत बोअरचं पाणी असेल तर एक साधी खूण पाहा: साबणाला फेस येत नाही आणि नळाच्या तोंडाशी पांढरा चुना साठतो. जड पाण्यातले क्षार साबणाशी मिळून चिकट साका करतात, तो त्वचेवर राहतो आणि खाज आणतो. अशा घरात साबणाची वडी सोडून साबणविरहित क्लेन्झर घ्या. आणि शेवटचा तांब्या महापालिकेच्या नळाच्या पाण्याचा घ्या.

डाळीचं पीठ, उटणं, मुलतानी माती यांना नावं ठेवायचं कारण नाही, पण जागा पाहून वापरा. दिवाळीत अंगाला तेल चोळून वर उटणं लावणं छान. तेलामुळे घर्षण कमी होतं. तेच भरड उटणं मुरमांच्या चेहऱ्यावर रगडलं तर फोड फुटतात आणि डाग महिनोन्‌महिने राहतात. मुलतानी माती तेल शोषते, म्हणून तेलकट त्वचेला उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा ठीक. ती पूर्ण वाळून तडकेपर्यंत ठेवू नका, ओलसर असतानाच धुवा. कोरड्या त्वचेने जानेवारीत तिच्या वाटेला जाऊ नये.

पायरी ३: ओलावा धरून ठेवणं

मॉइश्चरायझर त्वचेला पाणी ‘पाजत’ नाही. तो तीन कामं करतो: पाणी धरून ठेवतो (ग्लिसरीन, हायलुरॉनिक आम्ल), खवल्यांमधल्या फटी बुजवतो (सेरामाइड) आणि वरून झाकण घालतो (पेट्रोलियम जेली, डायमेथिकोन). बाटलीमागच्या यादीत हे शब्द पहिल्या निम्म्या भागात असावेत. केशर, चंदन, सोनं यांची चित्रं खोक्याच्या पुढच्या बाजूला असतात. यादीत त्यांचा क्रमांक पाहिला तर गंमत कळेल.

तेलकट त्वचेला जेल. त्यात पाणी जास्त, तेल नगण्य. मिश्र त्वचेला हलकं लोशन, थंडीत गालांवर दुसरा हात. कोरड्या त्वचेला क्रीम, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी रात्री त्यावर पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ थर. संवेदनशील त्वचेला यादी जितकी छोटी तितकं बरं, आणि सुगंध नको.

‘माझी त्वचा तेलकट आहे, मला मॉइश्चरायझर कशाला?’ हे नेहमीचं वाक्य. तेल आणि पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुरमांवरची बहुतेक औषधं त्वचा सुकवतात. खाली जेल नसेल तर आठ दिवसांत चेहरा सोलतो आणि माणूस औषध सोडून देतो.

लावायची वेळ मात्र महत्त्वाची. अंग टिपलं, अजून दमट आहे, अशा तीन मिनिटांत लावा. त्यासाठी बाटली कपाटात न ठेवता न्हाणीघराच्या दाराशी ठेवा. चेहरा आणि मानेला दोन हरभऱ्यांएवढं पुरे. दोन्ही नडग्यांना मिळून चमचाभर.

खर्च कमी करायचा असेल तर एक भाग ग्लिसरीन आणि तीन भाग उकळून गार केलेलं पाणी असं मिश्रण अंगाला उत्तम चालतं. त्यात टिकवणारं औषध नसतं, म्हणून फ्रिजमध्ये ठेवा, आठवड्यात संपवा. नुसतं ग्लिसरीन चोपडू नका: ते चिकटतं, आणि हवा कोरडी असेल तर वरून पाणी मिळत नाही म्हणून त्वचेतूनच ओढतं. खोबरेल तेल हातापायांना चांगलं. चेहऱ्यावर मुरमं येत असतील तर नको, छिद्रं बुजतात. कपाळावर केसांच्या रेषेलगत बारीक पुटकुळ्यांची रांग दिसत असेल, तर आधी डोक्याला किती तेल चोपडता आणि रात्रभर ठेवता का, ते तपासा.

टाचांच्या भेगांना रात्री पाय १० मिनिटं कोमट पाण्यात, मग पेट्रोलियम जेली किंवा पातळ केलेलं कोकमाचं तेल, वर सुती मोजे. ओठांना जेली, जिभेने ओलं करण्याची सवय सुटेपर्यंत कुठल्याच लिप बामचा उपयोग होत नाही.

पायरी ४: सनस्क्रीन, पुरेसं

गावभर स्कार्फ बांधून स्कूटी चालवणाऱ्या मुलींनाही वांग आणि डाग का येतात? पातळ, सैल विणीच्या कापडातून किरणं जातात, आणि डोळ्यांभोवतीची पट्टी, हाताचे पंजे उघडेच असतात. स्कार्फ ठेवाच, पण खाली सनस्क्रीन हवं. आणि तो स्कार्फ रोज धुवा. कालच्या घामाचं कापड आज गालावर घासलं की हनुवटीवर मुरमं येतात. हेल्मेटच्या आतल्या पॅडचंही तेच.

एसपीएफ ३० भाजणाऱ्या यूव्हीबी किरणांपैकी सुमारे ९७ टक्के अडवतं, ५० सुमारे ९८ टक्के. एका टक्क्याच्या फरकासाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा पुरेसं लावा. मोजमाप सोपं आहे: तर्जनी आणि मधल्या बोटावर मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. एवढं चेहरा आणि मानेसाठी. साधारण एक ग्रॅमपेक्षा थोडं जास्त भरतं. याचा अर्थ रोज एकदा लावलं तर ५० ग्रॅमची ट्यूब सहा आठवड्यांच्या आसपास संपायला हवी. तुमची चार महिने पुरत असेल, तर खोक्यावरचं एसपीएफ ५० तुमच्या चेहऱ्यावर त्याच्या आसपासही नसतं.

निघण्याच्या १५ मिनिटं आधी लावा. कान आणि मानेची मागची बाजू विसरू नका. बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. दिवसभर कचेरीत असाल तर सकाळी आणि दुपारी बाहेर पडण्यापूर्वी पुरे. सकाळी १० ते ४ ऊन जास्त बाधतं. काचेतून यूव्हीए आत येतं, म्हणून रोज तासभर गाडी चालवणाऱ्यांनी आणि खिडकीशी बसणाऱ्यांनीही लावावं. वांग असेल तर साध्या सनस्क्रीनने भागत नाही. साधा उजेडही तो गडद करतो, तेव्हा आयर्न ऑक्साइड असलेलं रंगीत सनस्क्रीन घ्या.

तेलकट त्वचेला जेल किंवा फ्लुइड स्वरूपाचं, कोरडीला क्रीम, संवेदनशीलला झिंक ऑक्साइडचं. झिंकचं थोडं पांढरट दिसतं, ते सोसावं लागतं. घामाबरोबर डोळ्यांत उतरून चुरचुरत असेल, तर डोळ्यांभोवती तेच झिंकचं वापरा. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन नको. सावली आणि झबलं-टोपडं बरं.

पायरी ५: जादा औषध एकच, तेही सहा आठवड्यांनी

वरच्या तीन वस्तू बिनतक्रार चालल्या की मगच एक नवीन. काळे-पांढरे बारीक ठिपके असतील तर सॅलिसिलिक आम्ल २ टक्के, आठवड्यातून तीनदा. लाल, पू भरलेले मुरुम असतील तर बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के, रात्री. यावर पांढरी उशी वापरा, रंगीत अभ्र्याचा रंग उडतो. मुरमांमागे राहणाऱ्या डागांसाठी नायसिनमाइड ५ टक्के. यातली दोन एकाच आठवड्यात सुरू करू नका. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर रेटिनॉल आणि ट्रेटिनॉइन (मुरमं, सुरकुत्यांवर लावायची ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गटातली द्रव्यं) वर्ज्य.

कोणतीही नवीन वस्तू आधी कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहा. धुवून टाकायची वस्तू असेल तर नेहमीइतक्याच वेळाने धुवा. खाज, लाली नसेल तरच चेहरा. मुरमांच्या औषधाला आठ ते बारा आठवडे द्यावे लागतात. चौथ्या दिवशी ट्यूब बदलणाऱ्याचं कशानेच बरं होत नाही.

पायरी ६: ऋतू बदलला की बाटली बदला

मार्च-मेच्या कोरड्या उन्हात तेलकट त्वचेने जेल, कोरडीने लोशन. पावसाळ्यात चेहऱ्यापेक्षा घड्यांकडे लक्ष द्या: काख, जांघ, बोटांची बेचकं. रेनकोट काढल्यावर ओली जीन्स अंगावर वाळू देऊ नका, नायटा तिथूनच धरतो. घरात एकाला असेल तर सगळ्यांचे टॉवेल वेगळे. दिवाळीनंतर क्रीमकडे वळा, आणि निफाडचा पारा घसरल्याच्या बातम्या यायची वाट पाहू नका.

निफाड, दिंडोरीकडे द्राक्षबागेत काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. गोडी छाटणीनंतर (फळांसाठीच्या छाटणीनंतर) काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतात. ते त्वचा भाजणारं रसायन आहे. सुती हातमोजे भिजून ते उलट कातडीला धरून ठेवतात. रबरीच हवेत, बाही मोज्याच्या आत खोचलेली. अंगावर उडालं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, क्रीम चोळू नका. पेस्टिंगच्या दिवसांत दारू पूर्ण बंद: चेहरा लालबुंद होणं, धडधड, चक्कर असा त्रास होतो.

हमखास फसवणारं

सगळ्यात वाईट सापळा मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय मिळणारी ‘गोरेपणाची’ किंवा ‘खाजेची’ ट्यूब. मागे बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यातलं एक नाव दिसलं की ते स्टेरॉइड आहे. खोक्यावर लाल उभी रेघ असेल तर ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं औषध नव्हे; २०१८ मध्ये त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइडं चिठ्ठीच्या यादीत आली. पण मैत्रिणीने दिलेल्या अर्ध्या ट्यूबला खोकं नसतं. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, गुळगुळीत होतो. दोन-तीन महिन्यांत त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, गालांवर लव वाढते. लावणं थांबवलं की चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा लावलं जातं. महिनोन्‌महिने लावत आला असाल तर एकदम बंद करून घरी बसू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन टप्प्याने सोडवा. नायट्यावर अशी, स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब लावली की खाज थांबते, कडा पुसट होतात, आणि आत तो पसरत राहतो.

नाव-पत्ता नसलेल्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असू शकतो. तो त्वचेतून आत जातो आणि मूत्रपिंडांना इजा करतो.

लिंबू थेट चेहऱ्यावर नको: रस तीव्र आम्ल असतो, आणि तो लावून उन्हात गेलं तर भाजल्यासारखे काळे चट्टे उठतात. मुरमांवर टूथपेस्टही नको. कपाळावर टिकलीच्या जागी पांढरा ठिपका पडू लागला, तर त्या दिवसापासून ती टिकली बंद करा. तिच्या गोंदातलं रसायन रंगपेशी मारू शकतं. मुलांच्या गालांवर फिकट, जरा खरखरीत चट्टे दिसले की घरात कॅल्शियम कमी पडलं किंवा जंत झाले म्हणतात. बहुतेकदा ती कोरडेपणातून आलेली साधी गोष्ट असते, मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीनने काही महिन्यांत जाते. मात्र चट्टा दुधासारखा पांढरा आणि कडा स्पष्ट असेल तर दाखवा.

डॉक्टरांकडे कधी, आणि बरोबर काय न्यायचं

खोल, दुखणारे मुरुम. खड्डे पडू लागले असतील. खाज रात्री झोप मोडत असेल. मुलींना मुरमांबरोबर पाळी अनियमित आणि हनुवटीवर राठ केस. तीळ आकार, रंग बदलत असेल: इथे घरगुती प्रयोग थांबवा. पाटीवर एमडी त्वचारोग, डीव्हीडी, डीडीव्ही किंवा डीएनबी अशी पदवी पाहा. ‘स्किन क्लिनिक’ एवढ्याने भागत नाही. खासगी परवडत नसेल तर त्र्यंबक रोडवरच्या जिल्हा रुग्णालयात केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखवता येतं. सकाळी लवकर गेलेलं बरं.

बरोबर न्या:

- आधार कार्ड आणि जुन्या चिठ्ठ्या
- आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या, रिकाम्यासुद्धा, पार्लरमधून आणलेल्याही
- चालू असलेल्या गोळ्यांची नावं
- त्रास वाढला होता त्या दिवसाचे, खिडकीच्या उजेडात काढलेले दोन-तीन फोटो

त्या दिवशी सकाळी चेहऱ्याला पावडर, क्रीम, रंगीत सनस्क्रीन काही लावू नका. खाली काय आहे ते डॉक्टरांना दिसलं पाहिजे, आणि नायट्याची शंका असेल तर खवला खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. मलम लावून गेलात तर त्यात बुरशी सापडत नाही.